ॲट्रॉसिटीच्या खटल्यांवर पीएच.डी. करतोय, शिक्षा क्वचित होते आणि वस्तीत कोणी बोलत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी कशी होते, हा तुमचा विषय. बहुतेक खटल्यांत आरोपी निर्दोष सुटतात, म्हणून ‘कायद्याचा गैरवापर होतो’ हा निष्कर्ष उघडच आहे, असं तुमचे मार्गदर्शक म्हणतात. तुम्हाला ते पटत नाही, पण खोडून काढता येत नाही. साठ प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन तुम्ही दोन गावांत जाऊन आलात. चहा मिळाला, उत्तरं मिळाली नाहीत. एका म्हाताऱ्या बाईंनी तर विचारलं, “लिहून काय व्हनार?” आणि तुम्ही स्वतः दलित समाजातले नाही, तेव्हा या विषयाला हात घालावा का, अशीही शंका तुमच्या मनात आहे.

गेली वीसेक वर्षं मी हेच काम करते. जिल्हा न्यायालयांतली निकालपत्रं वाचते, सुनावण्यांना बसते, निकाल लागून गेल्यावर त्या घरांत जाते. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तुम्ही केसच्या दोन टोकांवर उभे आहात: एक घटना आणि दुसरा निकाल. निकालावरून घटना खरी की खोटी हे ठरवू पाहताय, आणि वस्तीत जाऊनही घटनेबद्दलच विचारताय. मधली पाच, आठ, कधी दहा वर्षं तुमच्या आराखड्यात कुठेच नाहीत. तुमचं संशोधन त्या मधल्या वर्षांत आहे.

आधी आकड्यांचं बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशभरात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. त्याआधीच्या वर्षी ५०,९०० होते. यातून अत्याचार वाढले, की लोक पोलीस ठाण्यापर्यंत जास्त पोचू लागले, हे आकडा सांगत नाही. दर लाख लोकसंख्येमागचं प्रमाण काढताना अजूनही २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या धरली जाते, म्हणून त्या दराची वर्षावर्षांची तुलना जपून करा. एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी मोजणीत सर्वांत गंभीर गुन्हाच धरला जातो. सगळ्यात जास्त घोळ होतो तो शिक्षेच्या प्रमाणात. त्या वर्षी जे खटले निकाली निघाले, त्यांतल्या किती खटल्यांत शिक्षा झाली, ते हे प्रमाण असतं. २०२२ साली निकाली निघालेला खटला २०१४च्या फिर्यादीचा असू शकतो. त्याच वर्षीचे दाखल गुन्हे आणि त्याच वर्षीच्या शिक्षा शेजारी ठेवून टक्केवारी काढलेले प्रबंध मी पाहिलेत. ती टक्केवारी कशाचीच नसते.

खटला उभा राहण्याआधी बंद झालेल्या फिर्यादी वेगळ्या. आपल्याकडे पोलीस तपास बंद करताना ‘अ’, ‘ब’ किंवा ‘क’ समरी पाठवतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा शोध लागला नाही किंवा पुरावा पुरत नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी. ‘क’ म्हणजे धड खरीही नाही, धड खोटीही नाही. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. गैरवापराची चर्चा करताना अनेक जण हे तिन्ही गठ्ठे आणि त्यावर सगळ्या निर्दोष सुटका एकाच पोत्यात भरतात. तुम्ही ते सुटे करा. ‘ब’ समरीच्या प्रत्येक प्रकरणात आणखी एक गोष्ट तपासा: समरी मंजूर होण्याआधी फिर्यादीला नोटीस मिळाली होती का, आणि त्याचं म्हणणं न्यायालयासमोर आलं का? माझ्या कामात ‘ब’ समरी झालीय हे ज्यांना माझ्याकडूनच पहिल्यांदा कळलं, असे लोक मला भेटले आहेत.

तुमच्या मार्गदर्शकांचा मुद्दा नवा नाही. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी गैरवापर होतो असं धरूनच अटकेआधी परवानगी आणि प्राथमिक चौकशी सांगितली होती. ते प्रकरण महाराष्ट्रातलंच, एका शासकीय महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या शेऱ्यावरून सुरू झालेलं. त्यावर २ एप्रिलला भारत बंद झाला, संसदेने त्याच वर्षी अशी परवानगी किंवा चौकशी लागणार नाही असं सांगणारं कलम १८अ कायद्यात घातलं, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते निर्देश मागे घेतले. केस टिकली नाही याला तपासातल्या चुकांसह अनेक कारणं असू शकतात. हा समाजच्या समाज कायदा वाकवतो असं गृहीत धरता येणार नाही, असा त्या पुनर्विचार निकालाचा रोख आहे. २०१८ आणि २०१९चे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा आणि मार्गदर्शकांनाही द्या. वाद घालण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

आता मुख्य काम. खटला का पडला, हे निकालपत्रातच लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय टक्केवारीबद्दल एक वाक्यही लिहू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयांचे बरेच निकाल मिळतात. कायद्याचं नाव टाकून शोधता येतं. जुने निकाल नक्कल विभागात अर्ज करून मिळवावे लागतात. पहिले पंधरा-वीस निकाल कुठलंही कोष्टक न करता नुसते वाचा. तीच ती कारणं पुन्हा पुन्हा दिसू लागतील. या कायद्याखालच्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तो फौजदाराने केला. फिर्यादीचा जातीचा दाखला पुराव्यात शाबीत केला नाही. आरोपीची जात कागदावर आलीच नाही. शिवीगाळ ‘लोकांना दिसेल अशा जागी’ झाली हे सिद्ध झालं नाही, कारण ती घरात झाली होती. फिर्याद सहा दिवस उशिरा दिली आणि उशिराचं कारण पटलं नाही. आणि सर्वांत जास्त वेळा: साक्षीदार फितूर.

यांतल्या कुठल्याही कारणाचा अर्थ ‘घटना घडली नाही’ असा होत नाही. काही केसेस खोट्या असतात का? असतात. गावच्या राजकारणात एखाद्याला पुढे करून फिर्याद द्यायला लावल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत आणि लिहिलीही आहेत. पण निकालपत्रात न्यायाधीशांनी ‘फिर्याद खोटी आहे’ असं स्पष्ट म्हटलंय, की ‘शंकेचा फायदा’ दिलाय, हा फरक तुमच्या प्रबंधाचा कणा असायला हवा.

एक टोकाचं उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. २००८ साली विशेष न्यायालयाने आठ जणांना खुनासाठी दोषी ठरवलं, सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांचा कारावास दिला. पण ॲट्रॉसिटी कायदा मात्र दोन्ही ठिकाणी लागू झाला नाही. म्हणजे ज्या घटनेने महाराष्ट्र हादरला, ती ॲट्रॉसिटीच्या कलमांपुरती ‘सिद्ध न झालेली’ आहे! तेव्हाच्या कलम ३(२)(५) मध्ये गुन्हा ‘त्या जातीची व्यक्ती आहे या कारणावरून’ केल्याचं दाखवावं लागे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते ‘जात माहीत असताना’ असं बदललं. म्हणून २०१६ आधीच्या आणि नंतरच्या घटनांचे खटले एकाच तक्त्यात टाकू नका.

फितुरीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण गैरवापराचा निष्कर्ष बहुतेक वेळा इथूनच निघतो. नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, अनेक साक्षीदार फितूर झाले होते. साक्षीदार का उलटला, याचं उत्तर न्यायालयाच्या कागदात सापडत नाही, गावात सापडतं. मी बसलेल्या एका सुनावणीत पन्नाशीचा एक माणूस साक्षीला उभा होता. पांढरा शर्ट नुकताच इस्त्री केलेला, पायांत दुसऱ्याच्या मापाची चप्पल. सरकारी वकिलांनी विचारलं, “तुम्ही तिथे होता ना?” तो म्हणाला, “मला काही माहीत न्हाई.” तीनदा विचारलं, तीनदा तेच. बाहेर आल्यावर मी त्याला काहीच विचारलं नाही, फक्त एसटीची वेळ विचारली. त्यानेच सांगितलं, आरोपीच्या चुलतभावाच्या गाडीतून आलोय, परत त्याच गाडीतून जायचंय. तो त्या घरी सालगडी होता. वर्षाची उचल घेतलेली होती. पोरीचं लग्न त्याच उचलीवर झालेलं होतं.

याचा धागा फार जुना आहे. अस्पृश्य आणि आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क बजावायला घेतला की गाव बहिष्काराने त्यांना कसं नमवतं, हे तिच्या १९३०च्या अहवालात नोंदलेलं आहे. आज बहिष्काराचं रूप किराणा उधार न देणं, गिरणीत दळण न घेणं, ट्रॅक्टर न पाठवणं, ऊसतोडीच्या टोळीत नाव न घालणं असं असतं. गायरानाचा वाद असेल तर उभं पीक मोडलं जातं. म्हणून तुमच्या प्रश्नावलीत ‘घटना कशी घडली?’ हा प्रश्न मागे न्या आणि ‘फिर्याद दिल्यावर त्या हंगामात काम कुठे मिळालं?’ हा पुढे आणा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक पोलिसांना, वकिलाला, पत्रकारांना देऊन थकलेत. दुसरा त्यांना बहुधा कोणी विचारलेलाच नसतो.

मधली वर्षं कागदावर आणायची माझी पद्धत साधी आहे, तिला मी तारखांचा तक्ता म्हणते. एका केससाठी एक पान. घटना, ठाण्यात पहिल्यांदा गेल्याचा दिवस, एफआयआर, अटक, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, पहिली साक्ष, निकाल. यातल्या तारखा तीन दप्तरांतून येतात. पोलिसांकडून एफआयआर आणि दोषारोपपत्र, न्यायालयातून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची नोंद, आणि तिसरं दप्तर समाजकल्याण कार्यालयाचं, जे संशोधक विसरतात. पीडितांना अर्थसहाय्य तिथून जातं, त्यामुळे कोणाला, कोणत्या तारखेला, किती मिळालं याची नोंद तिथे असते. माहितीच्या अधिकारात नावं वगळून ती मागा.

‘पैशासाठी केस करतात’ हे वाक्यही याच दप्तरावर घासून बघा. २०१६च्या नियमांप्रमाणे जातीवरून अपमान केल्याच्या गुन्ह्यात अर्थसहाय्य एक लाख रुपये आहे: २५ टक्के एफआयआरनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर, उरलेले शिक्षा झाली तर. नियमांत तातडीची मदत सात दिवसांत पोचवायला सांगितलंय. तपास आणि दोषारोपपत्र साठ दिवसांत, आणि कलम १४ म्हणतं की शक्यतो दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपावा. या मुदती एका रकान्यात आणि प्रत्यक्ष तारखा शेजारच्या रकान्यात लिहा. पाच-सहा केसेसची पानं भरली की तुमच्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न तुम्हाला आपोआप दिसेल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीने दर तीन महिन्यांनी बसायचं असतं; तिची इतिवृत्तंही मागवा. बैठक झालीच नसेल, तर ‘बैठक झाली नाही’ हे लेखी उत्तर तुमच्यासाठी भक्कम पुरावा आहे.

आता वस्तीबद्दल. प्रश्नावली पहिल्या तीन भेटींत पिशवीतून बाहेर काढू नका. भर दुपारी, मोठ्या रस्त्यावरून, पंचायतीत चौकशी करत जाऊ नका. तुम्ही कोणाच्या दारात बसलात हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळतं, आणि तुम्ही निघून गेल्यावर त्याचा जाब त्या घराला द्यावा लागतो. तालुक्याला बाजाराच्या दिवशी भेटणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. खटला चालू असेल तर तुमच्यावर आणखी मोठी जबाबदारी आहे. न्यायप्रविष्ट केसमधल्या साक्षीदाराला घटनेचा तपशील विचारूच नका आणि रेकॉर्ड तर मुळीच करू नका. तुमच्याजवळच्या टिपणात आणि त्याच्या साक्षीत तासाचा जरी फरक पडला, तरी उलटतपासणीत तो त्याच्यावर उलटवता येतो. संपलेल्या केसेसपासून सुरू करा.

तुम्ही दलित नाही म्हणून अडतं का? अडेल काही ठिकाणी, आणि ते मान्य करून चाला. मी बौद्ध घरातली. सुरुवातीला मला वाटायचं, माझ्यापुढे सगळी दारं उघडतील. मातंग वस्तीत एका आजीने मला तासभर बाजेवर बसवून ठेवलं आणि मग शांतपणे विचारलं, “तुमच्या लोकांनी आमच्या केसला कधी मोर्चा काढला का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते तसंच टिपलं. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत एकोणसाठ जाती आहेत. एका वस्तीतला आपला माणूस दुसरीत परका असतो, आणि बाईला पुरुष संशोधक परका असतोच. तेव्हा ‘मी कोण’ हे पहिल्याच भेटीत आडनावासकट सांगा. लोकांना ते तसंही कळणारच असतं. तुम्ही आधी सांगितलंत की निदान लपवाछपवी राहत नाही. आणि गावातल्या सवर्ण घरांतही जा. तिथे तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते मला कधीच मिळणार नाही. तुमच्या जन्माचा या विषयाला तोच सर्वांत मोठा उपयोग आहे.

नावांच्या बाबतीत नुसतं टोपणनाव पुरत नाही. जिल्हा, वर्ष आणि घटनेचा प्रकार दिला की त्या भागातला कुणीही गाव ओळखतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. बाकीच्या प्रकरणांतही, निकालपत्रात नाव छापलेलं असलं तरी, मुलाखतीतलं वाक्य त्या नावाला जोडू नका.

राहिला त्या बाईंचा प्रश्न: लिहून काय व्हनार? मलाही तो विचारला गेला होता. आठ वर्षं केस चाललेल्या एका बाईंनी कपाटावरून काळी कॅरीबॅग काढून तिच्यातले सगळे कागद गोधडीवर पसरले होते: समन्स, दवाखान्याचा केसपेपर, जातीच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स, वकिलाच्या पावत्या, काही तर पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले. कोणता कागद कशाचा हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी एकही मुलाखत घेतली नाही. कागद तारखेप्रमाणे लावले, मराठीत एका पानावर यादी केली आणि वाचून दाखवली. वाचता वाचता दोघींच्याही लक्षात आलं की दोषारोपपत्र जाऊन सहा वर्षं झाली होती आणि अर्थसहाय्याचा दुसरा हप्ता आलाच नव्हता. ती यादी जोडून त्यांनी समाजकल्याण कार्यालयात अर्ज दिला. चार महिन्यांनी पैसे जमा झाल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला. आणि त्याच फोनवर तो म्हणाला, “आई म्हणते, आता या, काय विचारायचं ते विचारा.”